किराणा दुकान आणि सुपर बोल यांच्या मधली पाच वर्षं

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता टेक्सासमध्ये डॅलसजवळ असतो. मुलगा बारावीत आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवून चेंडू फेकणारा खेळाडू, आहे. दर शुक्रवारी रात्री आम्ही दोघं स्टेडियममध्ये जाऊन बसतो. बँड वाजतो, अख्खं गाव लोटतं आणि आमचा मुलगा डोक्यावर टोपी घालून मैदानाच्या कडेला खुणा करत उभा असतो. सामना पुरता जिंकलेला असला की शेवटी थोडा वेळ उतरवतात.

त्याला इथल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. पण मिडवेस्टमधल्या एका छोट्या खासगी कॉलेजच्या प्रशिक्षकाने त्याचे व्हिडिओ पाहून 'आमच्याकडे ये' म्हटलं आहे. खेळाची शिष्यवृत्ती नाही. मी नाही म्हटलं की तो एकच गोष्ट सांगतो: कर्ट वॉर्नर हा क्वार्टरबॅक कॉलेजात चार वर्षं बाकावर बसला, मग किराणा दुकानात माल लावत होता, तरी सुपर बोल, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला, थांबायची तयारी हवी, बाबा. हिच्या मनात वेगळीच भीती आहे, डोक्याला मार लागला तर? आमच्या घराण्यात कुणी शाळेतल्या कबड्डीच्या पुढे गेलेलं नाही, त्यामुळे मला यातलं काही कळत नाही. तो स्वप्नात आहे की मी उगाच आडवा येतोय? होकार द्यावा का?

— एक बाबा, टेक्सास

नमस्कार.

निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. मुलाला खेळू द्या, पण ज्या संघात चेंडू त्याच्या हातात येईल अशाच संघात. चार वर्षं दुसऱ्याच्या मागे उभं राहण्यासाठी इंजिनिअरिंगची जागा सोडायची असेल, तर माझं मत नकाराचं आहे. आणि हे मत मी कर्ट वॉर्नरच्याच भरवशावर देते आहे. चिरंजीवांनी साक्षीदार उत्तम आणला, फक्त त्याची साक्ष अर्धीच ऐकली.

किराणा दुकान ते सुपर बोल ही गोष्ट अमेरिकेत इतकी घासून गुळगुळीत झाली आहे की मधली वर्षं तिच्यातून गळूनच पडली. एका वाक्यात माणूस फळीवर डबे लावतो, पुढच्या वाक्यात ट्रॉफी उचलतो. सतरा वर्षांच्या मुलाला ती तशीच ऐकायला आवडणार. तुम्ही मात्र ती वर्षं ओळीने बघा.

वॉर्नरचा जन्म १९७१ चा, आयोवा राज्यातला. सीडर रॅपिड्समध्ये वाढला. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्यात रस दाखवला नाही, म्हणून तो सीडर फॉल्सच्या नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात गेला. हे विद्यापीठ कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात नव्हतं, एक पायरी खाली होतं. तिथेही क्वार्टरबॅकच्या यादीत तो बराच काळ तिसरा. १९९३ साली, अगदी शेवटच्या वर्षी, जागा मिळाली आणि त्या एका हंगामात तो त्यांच्या कॉन्फरन्समधला, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातला, सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला.

इथे चिरंजीव म्हणतील, बघा, थांबला आणि मिळालं. पण पुढे काय झालं? १९९४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या निवडीत, सात फेऱ्या झाल्या आणि एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. निवड करणाऱ्यांपुढे त्याच्या खेळाचा एकाच हंगामाचा पुरावा होता, तोही खालच्या गटातला. माझ्या मते बाकावरच्या चार वर्षांनी त्याला मोठं केलं नाही, त्यांनी त्याला जवळजवळ संपवलं होतं.

त्या उन्हाळ्यात एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्स संघाने त्याला सराव शिबिराला बोलावलं. तिथे आधीच ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर होते. चौथ्या क्वार्टरबॅकला अशा शिबिरात काय मिळतं हे समजायला ही जागा थोडी समजून घ्यावी लागेल, आणि तुम्ही स्वतःच म्हणता की तुम्हाला यातलं कळत नाही, म्हणून सांगते. फुटबॉल संघात इतर बऱ्याच जागांवर माणसं आलटूनपालटून फिरवतात. धावणारे दमतात, बचावातले दमतात, राखीव खेळाडू आत-बाहेर होत राहतात. क्वार्टरबॅक असा फिरवत नाहीत. डाव तोच सांगतो, चेंडू आधी त्याच्याच हातात येतो, कुणाकडे फेकायचा हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, आणि संघाची सगळी लय त्या एका माणसाभोवती बसवलेली असते. त्यामुळे सरावातल्या पाळ्याही बहुतेक पहिल्यालाच. दुसऱ्याला उरलेल्या. त्याच्या मागचे आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करतात, आपल्या बचावफळीला सराव व्हावा म्हणून. वॉर्नरला हंगाम सुरू होण्याआधीच घरी पाठवलं.

आता ते दुकान. सीडर फॉल्सचं हाय-व्ही. रात्रपाळी, फळ्यांवर माल लावायचा, तासाला साडेपाच डॉलर. याच काळात तो आपल्या जुन्या विद्यापीठाच्या संघाला प्रशिक्षणात मदत करत होता. हा भाग गोष्टीत कुणी घेत नाही, कारण त्याने नाट्य कमी होतं. राहायला तो ब्रेंडाच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात. पुढे ती त्याची बायको झाली. तिला आधीची दोन मुलं होती, त्यातल्या मोठ्याला लहानपणी डोक्याला झालेल्या इजेमुळे नीट दिसत नव्हतं. म्हणजे घरात खाणारी तोंडं होती आणि हा तासाला साडेपाच डॉलर कमवत होता. मुलाला एवढं नक्की विचारा, की वॉर्नर दुकानात 'थांबला' होता असं तुला वाटतं का? तो पोट भरत होता. थांबणं ही चैन असते, ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या पैशावर चालते.

आणि इथून पुढे ती गळून पडलेली वर्षं.

१९९५ साली डे मॉइन शहरात अरीना फुटबॉलचा नवा संघ उभा राहिला, आयोवा बार्नस्टॉर्मर्स. अरीना फुटबॉल तुम्ही पाहिलं नसेल. हा खेळ घरात, छपराखाली, साधारण आइस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत खेळतात. मोठं मैदान १०० यार्डांचं, हे ५० चं आणि रुंदीलाही बरंच कमी. अकराऐवजी आठ-आठ खेळाडू. कडेला सीमारेषेऐवजी गादी लावलेली भिंत, तिच्यावर माणसं आपटतात आणि काही वेळा थेट पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन पडतात. दोन्ही टोकांना जाळ्या टांगलेल्या, त्यांना लागून परत आलेला चेंडू अजून जिवंत असतो, झेलला तर चालतो. गुणफलक पाहिला तर वाटतं बास्केटबॉल चालू आहे. गंभीर फुटबॉलवाले या प्रकाराकडे सर्कस म्हणून बघायचे. खरं सांगायचं तर थोडीफार सर्कस होतीच.

पण क्वार्टरबॅकच्या दृष्टीने विचार करा. एवढ्याशा जागेत विरोधी खेळाडू क्षणात अंगावर येतो. चेंडू हातात धरून विचार करत बसायला वेळच नाही. आणि जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू फेकायचाच असतो, कारण इथे धावून फारसं काही साधत नाही. वॉर्नर तिथे तीन हंगाम खेळला, पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून, सामन्यामागून सामना. १९९६ आणि १९९७ दोन्ही वर्षी त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. दोन्ही वेळा हरले. दोन्ही वर्षी तो त्या लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. पुढे सेंट लुइसच्या एनएफएल संघात लोक ज्या गोष्टीने थक्क झाले, चेंडू हातात आला न आला की सुटलेला, समोरचा खेळाडू वळायच्या आत त्याच्यासाठी फेकलेला, ती सवय कुठे लागली हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. डे मॉइनच्या त्या सभागृहात त्याने जेवढे चेंडू फेकले, तेवढे ग्रीन बेच्या बाकावर दहा वर्षं बसून फेकायला मिळाले नसते.

मग १९९७ च्या शरद ऋतूतला तो विचित्र प्रसंग. शिकागो बेअर्सने त्याला चाचणीला बोलावलं. नुकतंच लग्न झालेलं, मधुचंद्राला गेलेला असताना चेंडू फेकायच्या हाताच्या कोपराला कसलातरी किडा, बहुधा कोळी, चावला आणि कोपर सुजलं. चाचणी बुडाली. अशा वेळी आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसं 'योग नव्हता' म्हणून विषय मिटवतात. पण दुसऱ्या बाजूने युरोपातल्या लीगचा अ‍ॅम्स्टरडॅम अ‍ॅडमिरल्स हा संघ त्याच्या मागे होता. एनएफएलच्या एखाद्या संघाने त्याला करारात घेऊन आपल्याकडे पाठवावं असा त्यांच्या प्रशिक्षकाचा प्रयत्न चालला होता. शेवटी सेंट लुइस रॅम्स तयार झाले. १९९८ च्या वसंतात वॉर्नर अ‍ॅम्स्टरडॅमला गेला आणि त्या लीगमध्ये फेकून मिळवलेले सर्वाधिक यार्ड आणि सर्वाधिक टचडाऊन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी, त्याच्या नावावर लागले. गंमत म्हणजे तिथे त्याच्या मागे बाकावर जेक डेलोम बसलेला होता, जो पुढे स्वतः कॅरोलायना पँथर्सला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. आणि डेलोमनेही नुसतं वॉर्नरकडे बघत राहून ते साधलं नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा युरोपात जाऊन खेळला.

रॅम्समध्ये परत आल्यावर १९९८ च्या अख्ख्या हंगामात वॉर्नरने ११ चेंडू फेकले. त्यातले चार पोहोचले, ३९ यार्ड मिळाले. १९९९ च्या सुरुवातीला क्लीव्हलंडचा संघ नव्याने उभा राहत होता, त्याला इतर संघांनी सोडलेले खेळाडू उचलायची मुभा होती. रॅम्सनी वॉर्नरचं नाव त्या सोडलेल्यांच्या यादीत टाकलं. क्लीव्हलंडनेही उचललं नाही. पैसे खर्च करून रॅम्सनी ट्रेंट ग्रीन नावाचा क्वार्टरबॅक आणला, आणि ऑगस्टमध्ये हंगामापूर्वीच्या सामन्यात ग्रीनचा गुडघा गेला. प्रशिक्षक डिक व्हर्मील पत्रकारांसमोर डोळे पुसत म्हणाले, आम्ही कर्ट वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगलं फुटबॉल खेळू. त्यांचंही चूक नव्हतं, आदल्या वर्षी संघ १६ पैकी १२ सामने हरला होता आणि आता आशेचा माणूस कुबड्यांवर होता.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भराभर सांगते. पहिल्या तिन्ही सामन्यांत प्रत्येकी तीन टचडाऊन पास. हंगामात ४,३५३ यार्ड, ४१ टचडाऊन, १३ विजय, लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब. ३० जानेवारी २००० रोजी अटलांटात टेनेसी टायटन्सवर २३-१६ असा विजय, त्यात ४१४ यार्ड, सुपर बोलचा तेव्हाचा विक्रम. वय २८.

मात्र त्या वर्षी त्याच्या आजूबाजूला कोण होतं तेही मुलाला मोजायला सांगा. चेंडू घेऊन धावणारा मार्शल फॉक त्याच वर्षी इंडियानापोलिसहून आलेला. आयझॅक ब्रूस आणि टॉरी होल्ट चेंडू झेलायला. ओरलँडो पेस त्याचं रक्षण करायला. असा संघ आयता मिळायलाही नशीब लागतं. त्याच १९९९ साली ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिला निवडलेला क्वार्टरबॅक टिम काउच, त्याच नव्या क्लीव्हलंडने घेतलेला. त्याच्या वाट्याला कच्चा संघ आला, पहिल्याच वर्षी १४ पराभव, आणि २००३ नंतर तो एनएफएल हंगामातल्या एकाही सामन्यात दिसला नाही. काउचमध्ये गुण कमी होते असं मला कधीच वाटलं नाही.

वॉर्नर कमी पडला की चिरंजीव बहुधा पुढचा पत्ता टाकतील: टॉम ब्रेडी आणि एरन रॉजर्स, दोघेही सुपर बोल जिंकलेले क्वार्टरबॅक. तयारीत असा. ब्रेडी मिशिगन विद्यापीठात गेला तेव्हा क्वार्टरबॅकच्या यादीत अगदी तळाशी होता, हे खरं. पण तिथली शेवटची दोन वर्षं, १९९८ आणि १९९९, पहिला क्वार्टरबॅक म्हणून खेळून मगच तो ड्राफ्टला गेला. तिथे १९९ वा निवडला गेला, पहिल्या वर्षी एनएफएलमध्ये फक्त तीन चेंडू फेकले आणि सप्टेंबर २००१ मध्ये संघाचा पहिला क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाल्यावर त्याला जागा मिळाली. रॉजर्सची गोष्ट तर तुमच्या घराला जास्तच लागू आहे. शाळा संपल्यावर त्याला एकाही मोठ्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. एखाद्या नामांकित संघात शेवटच्या खुर्चीवर बसायला न जाता तो घराजवळच्या ब्यूट कॉलेजात गेला, दोन वर्षांचं साधं कम्युनिटी कॉलेज. तिथे लगेच खेळायला मिळालं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक त्या संघातल्या दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला आले आणि त्यांची नजर याच्यावर पडली, कारण हा मैदानात होता. ग्रीन बेला फार्व्हच्या मागे तो तीन वर्षं बसला ते त्यानंतर, पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार घेत.

इतकं करूनही हाक येईलच असं नाही, हे आपल्या मराठी घरांना वेगळं सांगायला नको. १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळीची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून अमोल मुजुमदार बसला होता. तो पुढे खेळला नाही असं नव्हे, रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा जमवल्या. भारतीय संघात मात्र मधल्या फळीत जागाच रिकामी झाली नाही. २०२५ साली भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. मुलाला वॉर्नरइतकाच हा माणूस माहीत असायला हवा.

आकड्यांत बोलायचं तर अमेरिकेत शाळेच्या संघांतून खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात आहेत. कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी एनएफएलपर्यंत पोहोचणारे शंभरात दोनसुद्धा नाहीत. एनएफएलचे संघ ३२, प्रत्येकात क्वार्टरबॅकची जागा एक. शाळेत दुसऱ्या नंबरवर असलेल्या आणि शिष्यवृत्तीशिवाय छोट्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने एनएफएलचा हिशोब मांडूच नये. तुम्हीही मांडू नका, नाहीतर जेवणाच्या टेबलावर रोज तोच वाद होईल. खरा प्रश्न बराच लहान आहे: अठरा ते बावीस या वयात त्याला जो खेळ जिवापाड आवडतो तो खेळता येईल का, आणि त्यापायी शिक्षणाचं किती नुकसान होईल?

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही थोडी कमीपणा वाटल्यासारखी लिहिली आहे, टोपी घालून खुणा करण्याची. बाकावरून खुणा करणाऱ्या मुलाला सगळे डाव तोंडपाठ असावे लागतात. प्रशिक्षक हे काम ज्याच्या डोक्यावर विश्वास असतो त्यालाच देतात. त्याला काही येत नाही म्हणून तो तिथे उभा आहे, असं समजू नका. छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकाने त्या थोड्या वेळाचे व्हिडिओ पाहून बोलावलं, यातही काहीतरी तथ्य असणारच.

मात्र छोट्या कॉलेजांचे प्रशिक्षक बऱ्याच मुलांना 'ये' म्हणतात, हेही लक्षात ठेवा. कॉलेज तिसऱ्या गटातलं, म्हणजे डिव्हिजन थ्रीचं असेल, तर तिथे खेळाची शिष्यवृत्ती नियमानेच देत नाहीत, त्यामुळे ती न मिळणं हा तुमच्या मुलाचा अपमान नव्हे. त्याच कारणाने प्रशिक्षकाला 'ये' म्हणायला खिशातून काही जात नाही. म्हणून त्याला थेट विचारायचं: सध्या संघात क्वार्टरबॅक किती, कोण कितव्या वर्षाला, आणि या वर्षी आणखी किती नवे घेताय? पहिल्या वर्षाच्या मुलांचे वेगळे सामने होतात का? बऱ्याच छोट्या कॉलेजांत राखीव खेळाडूंचे सामने असतात, आणि तुमच्या मुलाला त्यांचीच सर्वाधिक गरज आहे. गेल्या तीन-चार वर्षांत आलेल्या क्वार्टरबॅकपैकी किती टिकले, किती सोडून गेले? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही. संघात सहा क्वार्टरबॅक असतील आणि पहिला अजून दुसऱ्या वर्षाला असेल, तर ते कॉलेज म्हणजे सीडर फॉल्सची पहिली चार वर्षं, आणि पुढचं डे मॉइन कुठे मिळेल याचा भरवसा नाही. अशा वेळी सरळ टेक्सासचं इंजिनिअरिंग घ्यावं. मोठ्या विद्यापीठात हौशी मुलांचे फ्लॅग फुटबॉलचे सामने असतात, त्यात टॅकल, म्हणजे अंगावर जाऊन पाडणं, नसतं, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो खेळ आहे. तिथे रोज चेंडू फेकायला मिळेल. चिरंजीव नाक मुरडतील, मुरडू द्या.

शिक्षणाचा तिढा वाटतो तितका घट्ट नसेलही. अनेक छोट्या खासगी कॉलेजांत इंजिनिअरिंगसाठी तीन अधिक दोन अशी सोय असते: तीन वर्षं तिथे, मग दोन वर्षं जोडलेल्या मोठ्या विद्यापीठात, शेवटी दोन पदव्या. या कॉलेजात ती आहे का, कोणत्या विद्यापीठाशी आहे आणि पुढे जायला गुण किती लागतात ते बघा. एक खोच आहे. तीन वर्षांनी कॉलेज सोडायचं म्हणजे चौथा हंगाम गेला. 'थांबेन, शेवटच्या वर्षी मिळेल' हा मुलाचा बेत तिथेच कोसळतो, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षी खेळायला मिळणं आणखीच महत्त्वाचं होतं. पैशांचं म्हणाल तर खासगी कॉलेजची छापील फी बघून दचकू नका. अभ्यासावर मिळणारी सवलत वजा करून प्रत्यक्ष किती भरायचे तो आकडा लेखी मागा आणि मगच सरकारी विद्यापीठाशी तुलना करा.

वहिनींच्या भीतीला मी हसून उडवणार नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये सीटीई हा मेंदूचा आजार सापडला. ते मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, आणि अनेकांनी लक्षणं पाहूनच केले असणार, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. पण धोका खरा आहे आणि तो वर्षानुवर्षं बसणाऱ्या लहानमोठ्या धक्क्यांनी वाढतो. क्वार्टरबॅकला सरावात वेगळ्या रंगाची जर्सी देतात, त्याला पाडायचं नसतं, म्हणून त्याच्या वाट्याला सरावात कमी धक्के येतात. सामन्यात मात्र तो मोकळा सापडतो आणि त्याला धक्का बसतो तो पाहून काळजाचा ठोका चुकतो. खुद्द वॉर्नर असाच एक जबर धक्का खाल्ल्यावर काही दिवसांत, जानेवारी २०१० मध्ये निवृत्त झाला, आणि २०१२ साली रेडिओवर म्हणाला की आपल्या मुलांनी हा खेळ खेळू नये असंच आपल्याला वाटेल. त्यावरून त्याच्यावर टीकाही झाली. आणि मग त्याचे दोन मुलगे कॉलेजात फुटबॉल खेळलेच, त्यातला एक तर क्वार्टरबॅक. बापाच्या शब्दाला किती वजन असतं ते यावरून समजून घ्या.

तरी वहिनींच्या हाती एक गोष्ट आहे. पहिल्या कन्कशननंतर, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदू हादरल्यावर, काय करायचं हे आत्ताच, सगळे शांत असताना ठरवा. डॉक्टर सांगतील तोवर मैदान नाही, आणि दुसऱ्यांदा झालं तर खेळ बंद, असं काहीतरी, जे मुलगा स्वतःच्या तोंडाने कबूल करेल. कॉलेजच्या भेटीला गेलात तर प्रशिक्षकाबरोबर तिथल्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरलाही भेटा. मुलगा पुन्हा खेळायला योग्य आहे हा अंतिम निर्णय कोण घेतं, प्रशिक्षक की वैद्यकीय माणूस? दुखापतीचा खर्च कुणाच्या विम्यातून जातो? यावर गुळमुळीत उत्तर आलं तर बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी मी त्या कॉलेजला पाठवणार नाही.

तुम्ही आडवे येताय का, असं विचारलंत. दर शुक्रवारी मुलगा खेळणार नाही हे माहीत असून स्टेडियममध्ये जाऊन बसणारा बाप आडवा येणारा नसतो. पण तुम्ही आत्तापर्यंत त्याच्याशी 'हो की नाही' एवढंच भांडलात असं दिसतं. पुढच्या वेळी वॉर्नरचं नाव निघालं की विषय बदलू नका, उलट त्यालाच विचारा की १९९५ ते १९९८ या वर्षांत तो कुठे होता आणि आठवड्याला किती चेंडू फेकत होता. मग विचारा, तुझं डे मॉइन कोणतं? त्याच्याकडे उत्तर असेल तर तुम्ही होकार द्यायला घाबरू नका. उत्तर नसेल तर ते शोधायचं काम त्याचंच.

बहुतेक कॉलेजांना १ मे पर्यंत कळवावं लागतं, तेव्हा प्रशिक्षकाला हे प्रश्न त्याआधीच गेले पाहिजेत. फोन मुलाने करायचा. तुम्ही शेजारी बसून कागदावर प्रश्न लिहून त्याच्यापुढे सरकवायचे नाहीत, आणि फोन स्पीकरवर ठेव असंही सांगायचं नाही. त्या वेळात वहिनींना घेऊन बाहेर चक्कर मारून या.